मेथीचा महिना

हापूसवर प्रेम करायला काही कष्ट पडत नाहीत. एप्रिलमध्ये पेटी उघडली, पेंढा बाजूला केला, पहिला वास नाकात गेला की माणूस आपसूक कोकणच्या बागायतदाराच्या बाजूचा होतो. हुरड्याचंही तेच. आगटीभोवती बसायचं, कुणीतरी कणीस चोळून गरम दाणे तळहातावर ठेवायचे, लसणाची चटणी, गोडी शेव, रेवड्या फिरायच्या आणि 'शेतकरी जगला पाहिजे' या मुद्द्यावर दहा-बारा जणांचं एकमत व्हायचं. पुण्यात दहा माणसांचं इतक्या लवकर दुसऱ्या कशावरही एकमत होत नाही. पण हे सगळं गोडाधोडाचं प्रेम झालं. परीक्षा मेथी घेते.

थंडी पडली की मेथीला जोर चढतो. पेरल्यापासून साधारण महिन्याभरात काढणीला येणारं पीक. शेतकऱ्याला चार पैसे लवकर हातात हवे असतात म्हणून तो मेथी करतो, आणि सगळ्यांनाच लवकर हवे असतात म्हणून सगळेच करतात. मग डिसेंबर-जानेवारीत जिकडेतिकडे मेथीच. कांदा चाळीत ठेवता येतो, ज्वारी पोत्यात राहते; मेथीला 'थांब जरा' म्हणायची सोय नाही. शेतात राहू दिली तर फुलावर येते, उपटून ठेवली तर दुसऱ्या दिवशी पिवळी पडायला लागते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पालेभाजीचा भाव किलोवर नाही, शेकड्यावर बोलतात. शेकडा म्हणजे शंभर जुड्या. 'शेकडा तीनशे' असं कानावर आलं की आपल्याला तीनशे हा आकडा बरा वाटतो. जुडीला तीन रुपये. त्यात उपटणाऱ्या बायकांची मजुरी, जुड्या बांधणं, टेम्पोचं भाडं, हमाली. एवढं भागवून उरेल ते मालकाचं.

आमच्या सोसायटीशेजारच्या मोकळ्या मैदानावर आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांचा बाजार भरतो. २०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या आणि त्याच सुमाराला पणन मंडळानं संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान सुरू केलं. सरकारी योजनेला इतकं चपखल नाव क्वचित मिळतं. अरणच्या सावतोबांना मळ्यातल्या कांद्या-मुळ्यातच विठ्ठल दिसत असे. आमच्याकडच्या गिऱ्हाइकाला कांद्या-मुळ्यात फक्त खोट दिसते. शहरातल्या मोठ्या मंडईचीही तीच गत. १८८६ साली उघडली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. पुढे ती महात्मा फुले मंडई झाली. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाच्या नावाखाली उभं राहून आम्ही पिढ्यान् पिढ्या 'वर थोडी कोथिंबीर घाला' म्हणत आलो आहोत.

मैदानावरच्या बाजारात आमच्या ठरलेल्या मावशी आहेत, पुरंदर तालुक्यातल्या. जानेवारीत त्यांच्यापुढे मेथीचा ढीग असतो. गिऱ्हाइकाकडे न बघता त्याच्या पिशवीत माल घालायचं त्यांचं कसब मी अजून दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही.

"घ्या काका, दोन."

"मागच्या आठवड्यातली एक अजून आहे, मावशी."

"मग ती आज खावा, ही उद्या. मेथी काय कुणाला बाधत न्हाई."

"घरात सगळे कंटाळलेत."

"आमी बी कंटाळलोय," असं म्हणत दोन जुड्या पिशवीत गेलेल्या असतात. "पर शेतात अजून चार वाफं हायेत."

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. मग घरी मेथीचं पर्व सुरू होतं. आधी मुगाची डाळ घालून सुकी भाजी. मग पळीवाढी. मग गोळाभाजी, वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. मग थालीपीठ. मग गुजरातशी संबंध सुधारून ठेपले. त्यापुढे पदार्थात मेथी आहे हे खाणाऱ्याच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं गनिमी काव्याचे प्रकार चालू होतात. ते मुलीला पहिल्या घासाला कळतात. ती काही बोलत नाही, फक्त ताटाकडे बघून "अजून?" एवढंच विचारते. मध्ये भोगी येते, तेवढा एक दिवस मेथीला सुट्टी. त्या दिवशी वांगं, गाजर, वाटाणा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, सगळे एका कढईत नांदतात. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर ती भाजी खाताना वाटतं की ज्या कुणा बाईनं हा सण काढला तिला बाजारात एकाच आठवड्यात काय काय तुंबतं याची चांगली माहिती होती. दुसऱ्या दिवशी सुगडात घालतात तेही तेच: ऊस, बोरं, हरभरे, गाजर, गव्हाची लोंबी. वाण म्हणून जे हातात देतात ती त्या आठवड्याच्या बाजाराची यादी आहे.

मेथीबद्दल बायकोचं म्हणणं थोडक्यात असं होतं की, शेतकऱ्याला पाठिंबा तू देतोस आणि निवडायला मी बसते. हा मुद्दा इतका बिनतोड होता की त्या संध्याकाळपासून निवडणं माझ्याकडे आलं. टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरायचं आणि बसायचं. सुतळीचा तुकडा सोडला की जुडी सैल होऊन आपली आपण पसरते, आणि मुळांना चिकटलेली पुरंदरची माती अग्रलेखावर पडते. बाहेरची पानं मोठी, रापलेली. आतली बारकी, कोवळी, पोपटी. जुडी बांधणारीनं चांगला माल वर आणि हलका आत अशी चलाखी केलेली नाही, उलटच झालंय. घाईत बांधली असणार, अंधारात. पाव तासात अंगठा आणि तर्जनी हिरवी होतात आणि तो कडसर वास साबणानंही जात नाही. रात्री पुस्तक वाचताना पानाला येतो.

बाजाराच्या गिऱ्हाइकांत एक जात तपासनिसांची आहे. "तुमच्याच शेतातलं आहे ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. किराणा दुकानात जाऊन "हा साबण तुम्हीच केला ना?" असं यांनी जन्मात विचारलेलं नसतं. दुसरा प्रश्न औषधाचा. फवारणी केलेली भाजी नको, रास्त आहे. पण फ्लॉवर उलटा करून, चष्मा कपाळावर चढवून, त्यात अळी दिसली तर तोही नको. एकदा एका तरुण शेतकऱ्यानं हात जोडले. म्हणाला, "ताई, औषध मारलं नाही म्हणून अळी आहे. मारलं असतं तर नसती. दोन्ही नको म्हणलात तर मी रोज शेतात जाऊन फुंकर मारू का?" ताई हसल्या आणि पुढच्या टेबलावर गेल्या. अळीवाला फ्लॉवर मी घेतला. अळी कढईत जाण्यापूर्वी सापडली. गड्डा मिठाच्या पाण्यात घालून ठेवण्याची आमच्या आईची पद्धत अजून चालते.

घासाघिशीबद्दल मात्र माझं मत लोकांना आवडत नाही. मॉलमध्ये गुपचूप पैसे देता आणि इथे गरिबाशी हुज्जत घालता, हे भाषण मला आता पाठ झालंय. मला हुज्जतीचं फारसं वाईट वाटत नाही. 'चाळीस' म्हणताना मावशींनी पस्तीस धरलेलेच असतात, आपणही तीस म्हणताना पस्तीसवर नजर ठेवून असतो, आणि मधल्या वेळात त्यांच्या सुनेचं बाळंतपण आणि आमच्या मुलीची परीक्षा असे दोन विषय उरकून होतात. पाच रुपयांत एवढं कुठे मिळतं? खरं नुकसान बोटांनी होतं. भेंडीचं टोक मोडून बघणं, मक्याचं कणीस अर्धं सोलून परत ठेवणं, टोमॅटो दाबून पारखणं. भाव पाडला तर पाच रुपये जातात. टोक मोडलं की भेंडीच जाते. संध्याकाळी टेबलाखाली मोडक्या भेंड्यांचा एक ढीग जमतो. मॉलवरचं भाषण करणारे त्या ढिगाचे मोठे आश्रयदाते असतात.

आपल्या डोळ्यांनी आणि बोटांनी माल कसा बदलतो याचं मोठं उदाहरण गुळाचं. दिवाळी झाली की कोल्हापूरकडची गुऱ्हाळं जोरात असतात. चुलवाणात चिपाडं भडकतायत, वर भल्याथोरल्या काहिलीत रस उकळतोय, त्यात रानभेंडीचं चिकट पाणी ओतलं की मळी फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायची. बाजूला गुळव्या उभा. तो थर्मामीटर लावत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत त्याची गोळी वळून बघतो आणि नुसती मान हलवतो. त्या मानेवर अख्खी काहिली उतरते. दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ करपट, लवकर उतरवला तर चिकट. मग वाफ्यात ओतून घोटणं, मग रवे भरणं. या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही शहरातल्यांनी त्याला आमचं एक मानांकन देऊन ठेवलं होतं: पिवळाधमक तो चांगला. पिवळ्याला भाव, काळपटाला नाही. बाजारात रंगाला पैसे मिळतात म्हटल्यावर काहिलीत रंग उजळणारी पावडर पडू लागली. मग आम्हाला कळलं की पावडर वाईट असते, आणि आता आम्ही तांबूस गूळ चढ्या भावानं आणतो. एका गुऱ्हाळमालकानं मला विचारलं होतं, "तुम्ही लोक आधी ठरवा, गोरा पाहिजे का काळा?" मी म्हटलं, जो आहे तो. त्यावर तो म्हणाला की असं म्हणणारी गिऱ्हाइकं गुऱ्हाळावर भेटतात, दुकानात भेटत नाहीत. नुसत्या रंगावरून खात्री देता येत नाही, हेही त्यानंच सांगितलं. ऊस आणि जमीन बदलली की रंगही बदलतो. एकूण, गोरेपणाचं वेड आमच्या लग्नाच्या जाहिरातींतून जाईना, निदान गुळातून तरी गेलं.

हापूसच्या दिवसांत दुसरं एक काम असायचं, ते आता आमच्या पिढीनं जवळजवळ सोडलंय. साठवण. आमच्या आईच्या घरी चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू, तांदूळ, तूरडाळ, मिरची, हळकुंडं, चिंच, कांदे असं सगळं यायचं. डाळीला एरंडेलाचा हात लागायचा, मिरच्या गच्चीत पसरायच्या, चिंचेला मीठ लावून गोळे वळायचे. घर दोन महिने गोदामाच्या वासानं भरलेलं. आईला शेतकऱ्यांसाठी काही करतो आहोत असं कधी वाटलं नसणार. माल मुबलक असतो तेव्हा तो स्वस्त मिळतो, एवढाच तिचा हिशेब. पण दुसऱ्या बाजूनं बघा. सुगी आटोपलेली, बाजारात माल तुंबलेला, मृगाच्या आत बी-बियाण्याला रोख पैसा हवा असलेला, आणि नेमक्या त्याच वेळी शहरातलं घरटी एक गिऱ्हाईक वर्षाचा माल एकदम उचलतंय. आता आम्ही आठवड्याला अर्धा किलो कांदा दहा मिनिटांत दारात मागवतो आणि शेतकऱ्याबद्दल पोटतिडकीनं बोलतो. आई बोलत नव्हती, पोतं घेत होती.

कांद्याचं तर विचारूच नका. तो ऐंशी रुपये झाला की बातम्यांच्या पहिल्या पाच मिनिटांत येतो, गृहिणींच्या मुलाखती होतात, सरकारं दचकतात. १९९८ साली दिल्लीतलं सरकार गेलं त्यात कांद्याचा मोठा वाटा होता. तो मातीमोल होतो तेव्हा बातमी व्हायला काहीतरी अचाट घडावं लागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते घडलं. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला. तोही पुढच्या तारखेचा. या चेकवर विनोद करायचा मी प्रयत्न करून पाहिला. ज्यानं तो लिहिला त्यानं माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

तर गेल्या मे महिन्यात मी कांद्याची गोणी आणली. उन्हाळ कांदा, म्हणजे रब्बीचा. हाच टिकतो, दिवाळीपर्यंत जातो. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा दिसायला झकास, पण ठेवायच्या कामाचा नाही. मावशींच्या दिरानं गोणी थेट लिफ्टपर्यंत आणून दिली आणि "हवेशीर जागा द्या" एवढीच सूचना केली. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हवेशीर जागा कॉटखाली असते. तिथे जुनी चटई टाकून त्यावर कांदे पसरले. चाळीत कांद्याला खालून-वरून वारा लागतो. आमच्या चाळीत त्याला पंख्याची तीन नंबरची हवा आणि रात्री माझं घोरणं मिळालं. दर रविवारी गुडघ्यावर बसून, मोबाईलचा दिवा लावून, कोंब आलेले आणि नरम पडलेले बाजूला काढायचे. बायकोनं पाहुण्यांना झोपायला ती खोली द्यायचं बंद केलं. आषाढात एक नातेवाईक "तुमच्याकडे मिसळ चाललीय का?" म्हणत आत आले होते. पण बाजारात कांदा चढला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या तीन घरांत कॉटखालचा कांदा गेला आणि तेव्हापासून माझ्याकडे बघण्याची त्यांची दृष्टी बदलली आहे. अलिबागचा पांढरा कांदा हा वेगळा विषय. त्याच्या माळा वेणीसारख्या विणलेल्या असतात, चवीला गोडसर. त्या खिडकीत टांगल्या की घराला शोभा येते, म्हणून त्यांना बायकोची हरकत नाही.

शेतकऱ्याचा हंगाम निदान दिसतो. कुंभाराचा कुणी मोजतच नाही. कसबा पेठेजवळच्या कुंभारवाड्यात एक चक्कर मारली की कळतं, त्याचं पंचांग आपल्यापेक्षा भरलेलं आहे. संक्रांतीला सुगडं. होळी झाली की माठ आणि रांजण. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं द्यायची केळी. बेंदूर-पोळ्याला मातीचे बैल. नवरात्राला घट. दिवाळीला पणत्या, किल्ल्यावरची चित्रं, बोळकी. आणि यातला मधला पावसाळा असा की, माती वाळत नाही आणि आवा पेटत नाही. म्हणजे श्रावण-भाद्रपदातल्या सणांचं सामान त्यानं उन्हात करून ठेवायचं, पैसा अडकवायचा आणि मग आपण जाऊन विचारायचं, "पणत्या डझनाला कशा?" यंत्राच्या साच्यातल्या, सोनेरी टिकल्या लावलेल्या पणत्या शेजारीच असतात. त्या तेल पीत नाहीत असं लोक कौतुकानं सांगतात. मातीची पणती तेल पिते हे खरं आहे. वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घातली की बरीच कमी पिते, पण ते सांगणारी माणसं आता घरात राहिली नाहीत.

माठाची तक्रार तर ऐकण्यासारखी असते. आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी माठ परत नेला होता. का? तर पाझरतो.

कुंभारआजी म्हणाल्या, "पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं, दादा."

"पण खाली ओलं होतं."

"मग खाली ताटली ठेवा."

"न पाझरणारा नाही का?"

आजींनी त्यांना शांतपणे पितळी भांड्यांच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

कारागिरांच्या बाबतीत आमचं प्रेम उसळतं ते परक्यानं हात लावला की. जून २०२५ मध्ये प्राडा नावाच्या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. काय संतापलो आम्ही! या चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून भौगोलिक मानांकन मिळालंय, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं चामडं कमावतात, पिढ्यान् पिढ्यांचं कसब आहे, असं प्रत्येकानं प्रत्येकाला सांगितलं. पुढे त्या कंपनीनं कोल्हापूरचं ऋण मान्यही केलं. तो सगळा संताप आमच्या कट्ट्यावर व्यक्त झाला तेव्हा मी खाली पाहिलं. बहुतेकांच्या पायांत बूट होते, दोघांच्या प्लॅस्टिकच्या सपाता. अर्थात जून महिना होता आणि पावसात कोल्हापुरी घालू नये, हा बचाव आमच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. नोव्हेंबरात तो चालणार नाही.

घोंगडीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती घेतली की दुसरी घ्यायला माणूस वीस वर्षं परत जात नाही. अशा गिऱ्हाइकानं विणकराचं भलं कसं व्हायचं हे मला सुचलेलं नाही. चिंचोक्याच्या खळीत ताठ केलेली नवी घोंगडी पहिला महिना टोचते आणि मग आयुष्यभर सोबत करते, एवढं खरं.

पाऊस ओसरायला लागला की मावशींच्या टेबलावर सीताफळं येतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली मानांकन मिळालं म्हणून त्याचं नाव मोठं, पण माझा जीव सीताफळात. हे फळ झाडावर पिकेपर्यंत ठेवत नाहीत. डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळट दिसायला लागल्या, की काढायचं. दाबून बघितलं की दाबलेल्या जागी काळं पडतं. मावशी पाटीवर हात आडवा धरून बसतात: "बोट लावायचं न्हाई. डोळ्यानं बघायचं." निवडही त्याच करून देतात. "ही दोन उद्या, ही चार परवा, ही बाकीची आईतवारी." मी मान डोलावतो आणि घरी येऊन तांदळाच्या डब्यात ठेवतो.

पण सीताफळांना मावशींचं वेळापत्रक माहीत नसतं. ती सगळी एकाच संध्याकाळी पिकतात. डब्याचं झाकण उघडलं की स्वयंपाकघर भरून वास, आणि प्रत्येक फळ उचलायला गेलं की बोटांत विरघळतंय. एका बैठकीत माणूस किती खाणार? साखरेसारखे कण असलेला गर, त्यात बियाच बिया, तोंडात फिरवून फिरवून जबडा दुखतो. शेवटी बायकोनं पाच-सहा एका ताटात काढली, वर रुमाल टाकला आणि समोरच्या घरी देऊन ये म्हणाली.

दार उघडलं तर समोरच्या वहिनी हातात ताट घेऊन माझ्याकडेच यायला निघालेल्या. वर रुमाल. आम्ही दोघंही ताटांकडे बघत उभे राहिलो.

"आमची सगळी आजच पिकली हो," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात लिफ्ट थांबली आणि सोसायटीचे सेक्रेटरी बाहेर आले. एरवी हे गृहस्थ नोटीस घेऊनच येतात. आज हातात पिशवी होती आणि पिशवीच्या तळाला ओलसर डाग पडत चालला होता.

"मैदानावरच्या त्या मावशींकडची आहेत," सेक्रेटरी म्हणाले, "एकदम गोड. तुम्ही कधी घेतलीयत का त्यांच्याकडून?"